टीटीपीपी सर आणि भोंगा

आमच्या विद्यापीठात नव्याने लागलेल्या एका प्राध्यापकाने मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, ही टीटीपीपी कुठली पदवी?"

मी म्हटलं, "इथलीच. मुलं देतात. अर्ज करावा लागत नाही."

त-त-प-प करणारे म्हणून टीटीपीपी सर. ते नाट्यविभागात रंगभूमीचा इतिहास शिकवतात, मी वेशभूषा शिकवते, आणि विभागाला जागेची बोंब असल्यामुळे आम्हा दोघांना खोली एकच. एका भिंतीशी त्यांचं टेबल, समोरच्या भिंतीशी माझं, आणि मधे ज्या सामानाला कपाटात जागा मिळाली नाही ते सगळं: पुठ्ठ्याचे मुकुट, तीन राजांत मिळून दोन दाढ्या, आणि भुसा भरलेलं सिंहाचं एक मुंडकं. वाचून झालं की सर चष्मा त्या सिंहाच्या नाकावर ठेवतात आणि मग खोलीभर शोधत बसतात.

सर अडखळतात. पण सिनेमात दाखवतात तसं मशिनगनसारखं नाही. त्यांचे ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. प, फ, ब, भ, म, म्हणजे ज्यांच्यासाठी ओठाला ओठ लावावा लागतो ती सगळी अक्षरं त्यांच्या वाईटावर. समोरच्याला वाटतं, हे चिडले किंवा काहीतरी गिळतायत. मग शब्द सुटतो आणि वाक्य काहीच न झाल्यासारखं पुढे चालू लागतं. त्यांचा प्रत्येक थांबा मी इथे लिहीत नाही, नाहीतर छापणारा माझ्यावर उखडेल. कामाचे तेवढे लिहिते.

लहानपणी त्यांच्या काकांनी कुठूनतरी ऐकलं की असल्या मुलाला दचकवलं की तो सुधारतो. काका मग दारामागे, पलंगाखाली, एकदा तर पाण्याच्या रिकाम्या पिंपात दबा धरून बसायचे आणि "भॉक!" करून उठायचे. मुलगा काही सुधारला नाही. काकांची मात्र पिंपात कंबर धरली, आणि त्यांना बाहेर काढायला शेजारी बोलवायला गेला तोच मुलगा. शेजाऱ्यांच्या दारात त्याला "पिंप" हा शब्द काही केल्या येईना. काका तोवर आतच.

शाळेच्या नाटकात बाईंनी त्याला सैनिकांच्या घोळक्यात उभं केलं. सगळ्यांनी एका आवाजात ओरडायचं होतं. हा ओरडला, आणि कुठेच अडला नाही. मग घरी येऊन त्याने एकट्याने सेनापतीची सगळी भाषणं म्हणून पाहिली. तीही सुसाट. शब्द दुसऱ्याचा असला की ओठ निमूट उघडत होते. भानगड फक्त स्वतःच्या शब्दांची होती. झालं, त्याने ठरवलं की आपण नट व्हायचं.

मोठा झाल्यावर तो एका नाट्यसंस्थेच्या निवड चाचणीला गेला. दोन पानी स्वगत पाठ. रंगमंचावर उभा राहिला तर समोर बसलेल्यांनी आधी विचारलं, "नाव?" आईवडिलांनी नाव ठेवलं होतं तेही नेमकं 'म' वरून. ओठ मिटले. समोरच्या तिघांपैकी एक बाई कनवाळूपणे म्हणाल्या, "विसरलास का बाळा?" बाकीचे दोघे हसले. तिघांनी बराच धीर धरला म्हणे, पण दाराबाहेर रांग होती. तिथेच कारभार आटोपला.

"म्हणून मी इतिहासाकडे वळलो," सर सांगतात. "मेलेले नट कुणाला नाव विचारत नाहीत."

त्यांच्या तासाची एक गंमत आहे. जुन्या नाटकांतले उतारे ते असे म्हणतात की भिंतीवरच्या पाली थांबून ऐकतात. पण स्वतःचं काही सांगायचं झालं की अडतात. त्यामुळे सर सुटले की मुलं पेन खाली ठेवतात, कारण ते पुस्तकात असतंच. सर अडले की सगळी पेनं वर. ते सरांचं स्वतःचं मत, परीक्षेत तेच येतं.

त्यांची बायको दाताची डॉक्टर. दिवसभर तिच्यापुढे माणसं आ वासून "आँ आँ" करतात आणि तिला ते नीट कळतं. "लग्नाच्या वेळी सगळे मला विचारायचे, कसं निभावणार?" ती एकदा मला म्हणाली. "मी म्हटलं, अहो, माझ्या धंद्यात हा भलताच स्पष्ट बोलणारा माणूस आहे."

आता आमचे विभागप्रमुख. त्यांचा आवाज असा की दोन मजले खालच्या गणितवाल्यांनी लेखी तक्रार केली होती. मुलं त्यांना भोंगा म्हणतात आणि मीही म्हणते, फक्त मनात. भोंगा माणूस वाईट नाही. दिग्दर्शन बरं करतो, मुलांसाठी भांडतो. पण शांतता त्याला सोसत नाही. कुणी बोलताना जरा थांबलं की तो त्याचं वाक्य पुरं करून देतो, बस चुकेल म्हणून म्हाताऱ्याला आत ढकलावं तसं. आणि ते वाक्य हमखास चुकीचं पुरं करतो.

विद्यापीठाने अपंगत्व अभ्यास हा नवीन विषय सुरू करायचं ठरवलं, तेव्हा विभागाच्या बैठकीत भोंगा म्हणाला, "हा विषय आपल्या सरांकडेच द्यायचा. त्यांना त्यातला अनुभव आहे."

सर शांतपणे म्हणाले, "मग उद्या शोकांतिका शिकवायला तुम्ही म्..."

"मोठा नट आणू? आणू की! उत्तम कल्पना!" भोंगा म्हणाला आणि त्याने ते टिपूनही घेतलं.

सरांना म्हणायचं होतं, मेलेला माणूस.

विषय गळ्यात पडला तो पडलाच. सर आधी चरफडले, मग वाचायला बसले, आणि त्यांना त्याची चटक लागली. कारण जी नाटकं ते इतकी वर्षं शिकवत होते तीच आता तिरकी दिसायला लागली. वर्ग मिळाला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "जे इथवर चढून आलेत त्यांना या विषयाची गरज कमी. ज्यांना आहे ते खाली जिन्यापाशी असतील. चला." वर्ग खाली नाट्यगृहाच्या व्हरांड्यात आला आणि तिथेच राहिला.

व्हरांड्यात मीही कधीकधी कपडे उन्हात घालायला जायचे, म्हणून ऐकायचे. "नाटकातला खलनायक लंगडतो," सर म्हणाले. "का? म्हणजे तिसऱ्या अंकात नायकाला तो पकडता यावा. आणि नाटकातल्या आंधळ्याला नेहमी भविष्य दिसतं. आपल्याकडे एक आंधळी आहे. विचारा तिला."

वर्गातली आंधळी मुलगी खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सर, मला पुढच्या आठवड्यातली चाचणीसुद्धा दिसत नाहीये."

ही मुलगी सवाई होती. ऑफिसातल्या बाईंनी तिला एकदा "दृष्टिबाधित" म्हटलं, तर म्हणाली, "आंधळीच म्हणा हो. बाधित म्हटलं की वाटतं, उद्या सकाळी टँकर येणार."

आणि तिच्याच वर्गात नकल्या होता. नकल्या म्हणजे विभागातलं सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वाह्यात कार्टं. त्याला प्रवेशच मिळाला होता कुलगुरूंची नक्कल करून, कुलगुरूंच्या समोर. त्या वर्षीच्या वार्षिक नाटकात त्याला नोकराचं काम होतं. नाटक एक जुना फार्स: एक व्यापारी, त्याची लग्नाची मुलगी, तिला मागणी घालणारा एक भामटा, आणि सगळं ठाऊक असलेला पण तोतरा नोकर. व्यापारी स्वतः भोंगा करणार होता आणि दिग्दर्शनही त्याचंच. जुन्या फार्समधला तोतरा नोकर कसा असतो ते सांगायला नको. "क-क-काय म-म-मालक" केलं की हशा, आणि लिहिणाऱ्याला दुसरा विनोद सुचावा लागत नाही.

नकल्याने तालमीसाठी नमुना शोधला. तो शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.

एके दिवशी सर आणि मी व्हरांड्यापाशी पोचलो तर हसण्याचा कल्लोळ. नकल्या सरांच्या खुर्चीमागे उभा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि मान झटकत "र-र-रंगभूमीचा क-क-कणा..." असं चाललेलं. मुलं लोळत होती. मग एकेकाला आम्ही दिसलो. हसणं एका टोकाकडून विझत गेलं. नकल्याने डोळे उघडले तेव्हा सर त्याच्यासमोरच्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत होते.

"चालू दे," सर म्हणाले.

नकल्याच्या तोंडून खरंच शब्द फुटेना. "स-सर, मी, म्हणजे..."

"हे बघ, हे आत्ताचं चांगलं होतं," सर म्हणाले. "आधीचं वाईट. मी 'र' वर आयुष्यात कधी अडलेलो नाही. 'क' वर तर नाहीच. डोळे मिटत नाही. मान झटकत नाही, ते तू शेळीचं करतोयस."

आंधळी मुलगी म्हणाली, "मला पहिल्यालाच कळलं की हा आहे. सर मधे असा श्वास घेत नाहीत."

"ब्... बघ," सर म्हणाले. "तिलाही फसवता आलं नाही."

वर्ग हसला. सरांनी तास घेतला, नेहमीसारखा. पण नंतर खोलीत आल्यावर ते खूप वेळ सिंहाकडे तोंड करून बसले. त्यांच्यासमोरचा चहा गार झाला, साय धरली.

"नक्कल वाईट होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तरी सगळे हसले."

ही बातमी भोंग्याला कळायला किती वेळ लागणार! तो धावत आला. चेहरा पार उतरलेला. "सर, मला फार वाईट वाटलं. तो तोतरेपणा मी नाटकातून काढूनच टाकतो. नोकराला आपण लंगडा करू. लंगडा चालेल ना तुम्हाला?"

"तेही मीच शिकवतो," सर म्हणाले.

"मग बहिरा?"

सरांनी चष्मा सिंहाच्या नाकावर ठेवला. मग म्हणाले, "तोतराच राहू द्या. मी त्याला शिकवतो. तुमच्या संहितेतलं अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. फक्त एक अट. दिग्दर्शक म्हणून तुम्ही त्यात प्..."

"पैसे मागू नयेत? छे छे, सर!"

सरांनी दुरुस्त केलं नाही. "पडायचं नाही" असं त्यांना म्हणायचं होतं, ते मी नंतर भोंग्याला जाऊन सांगितलं. तो कबूल झाला. त्याला इतकं अपराधी वाटत होतं की त्या दिवशी मी नवा पडदा मागितला असता तर तोही मिळाला असता.

दुपारच्या सुट्टीत नकल्या आमच्या खोलीत यायला लागला. मी बाह्या उसवत ऐकत असे. सरांनी आधी त्याचे सगळे "क-क-काय" काढले. "हा माणूस चहा आणू का विचारताना अडणार नाही. चहात त्याचं काय जातं? ज्या शब्दावर त्याचं सगळं अवलंबून आहे, फक्त तिथे अड. जावई भामटा आहे, हे सांगायचंय ना? मग 'भ' वर अड."

"किती वेळ, सर?"

"तो बोलेपर्यंत."

"कोण?"

"व्यापारी. तू फक्त ओठ मिटून थांब. बाकीचं तो करेल."

नकल्या चलाख. त्याला समजायला क्षणभर लागला, आणि मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की मी सुई बोटात टोचून घेतली. "सर," तो कुजबुजला, "त्यांच्या संहितेत तिथे फक्त 'लवकर बोल' एवढंच आहे."

"हो ना," सर म्हणाले. "बघू या, तेवढ्यावर त्यांना राहवतं का."

संध्याकाळी तालीम. नकल्या आला, हात जोडून म्हणाला, "मालक, हा जावई भ्..." आणि थांबला. ओठ मिटलेले, डोळे उघडे, मालकावर रोखलेले. भोंग्याने "लवकर बोल!" म्हटलं. शांतता. भोंग्याच्या मानेवरची शीर हलली. आणि मग तोंडातून निघून गेलंच, "भला माणूस आहे! ठाऊक आहे रे मला!"

तालमीला बसलेली मुलं फुटली. भोंगा खूश. "ठेवा हे! ठेवा! आपसूक सुचलं!"

नंतर त्याला आपसूक सुचतच गेलं. "मालक, त्याला आधीची एक ब्..." असं नोकर म्हणे, आणि भोंगा आनंदाने, "बंगलाही आहे? अरे वा!" नोकर म्हणे, "त्याच्यावर प्..." आणि भोंगा, "प्रेम करते माझी पोर, करणारच!" बायको, पाळत, पोलीस, सगळे शब्द नोकराच्या ओठांमागे कोंडलेले, आणि व्यापारी बाहेरून मजेत भलतेच शब्द लावतोय. सगळं नाटकच फिरलं. तोतऱ्यावर कुणी हसेना. उलट तो थांबला की सगळे व्यापाऱ्याकडे बघायचे, आता हा काय बरळतो म्हणून.

रंगीत तालमीला आंधळी मुलगी माझ्याशेजारी बसली होती. पहिला अंक ऐकून माझ्या कानाशी लागली. "मॅडम, हे नाटक चाललंय का विभागाची बैठक?"

डॉक्टरीणबाईंनाही कळलं. सरांना म्हणाल्या, "तू त्या माणसाचा दात भूल न देता काढतोयस."

"त्याला दुखतंय कुठे?" सर म्हणाले.

"कळेल तेव्हा दुखेल."

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "सांगून टाकू का त्यांना?" मी म्हटलं, "सांगा. पण तुम्ही वाक्य सुरू कराल आणि ते पुरं करतील." मग ते राहिलंच.

प्रयोगाला नाट्यगृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत कुलगुरू. भोंग्याने "बंगलाही आहे? अरे वा!" म्हटलं तेव्हा कुलगुरूंना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. सगळं विद्यापीठ ओळखून हसत होतं. फक्त रंगमंचावरचा व्यापारी समजत होता की आपण आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करतोय. आणि खरं सांगायचं तर करतही होता. इतका खरा तो पूर्वी कधी दिसला नव्हता.

पडदा पडल्यावर भोंगा पुढे आला, घामाने मिशी अर्धी सुटलेली, आणि त्याने सरांना वर बोलावलं. मनापासून. "या भूमिकेमागचे खरे गुरू! सर, दोन शब्द!"

सरांनी माईक घेतला. म्हणाले, "या यशाचं सगळं श्रेय आमच्या व्... विभाग..." 'व' वर ते कधी अडत नाहीत, त्या दिवशी अडले. पुन्हा सुरू केलं. "सगळं श्रेय एकाच माणसाचं. आमच्या विभागाचे प्..."

"प्रत्येकाचं!" भोंगा गरजला. "अगदी बरोबर! प्रत्येकाचं!"

नाट्यगृह कोसळलं. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. भोंग्याने वळून मागे पाहिलं, नेपथ्य पडलं की काय म्हणून. सर माईक धरून तसेच उभे. त्यांना 'प्रमुख' म्हणायचं होतं. त्या माणसाने भर सभेत स्वतःचंच कौतुक कापलं होतं.

मग आलं प्रयोगाचं चित्रण. विभागात सगळ्यांनी मिळून बघायचा बेत होता, पण भोंगा आदल्या दिवशीच एकटा बघत बसला, आणि मी नेमकी मुकुट परत न्यायला तिथे गेले. आपल्या प्रत्येक वाक्यावर तो गालातल्या गालात हसत होता. शेवटचा सत्कार आला. लोक कोसळले. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मग पहिल्या अंकापर्यंत मागे गेला. या वेळी हसला नाही. पडदा काळा झाल्यावरही तो तसाच बसून होता.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोचला. "मी नेहमी असं करतो?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर काही दिवस तो आमच्या मजल्यावर फिरकला नाही. गणितवाल्यांनी शिपायाला विचारलं म्हणे, साहेब आजारी आहेत का?

मग एका दुपारी दारावर टकटक झाली. तो कधी टकटक करत नसे. आत आला, सिंहाला वळसा घालून सरांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तपासलेले पेपर कधी देताय?"

सर म्हणाले, "ब्..."

भोंग्याचं तोंड उघडलं. मिटलं. त्याने हात पाठीमागे बांधले. गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. दाराबाहेर बघितलं, छताकडे बघितलं, मग चुकून माझ्याकडे. कपाळावर घाम. मी हातातली कात्री खाली ठेवली, तिचासुद्धा आवाज नको म्हणून.

"...बुधवारी," सर म्हणाले.

पाण्याखालून वर आल्यासारखा त्याने श्वास सोडला. "बरं," म्हणाला, आणि गेला. जाताना दार हळूच लावलं.

"आज फारच वेळ लागला हो," मी सरांना म्हटलं.

सर चष्मा शोधत होते. "शब्द केव्हाच आला होता," ते म्हणाले. "म्हटलं, बघू किती टिकतात."

नकल्याला पुढे बाहेरच्या एका नाटक कंपनीत काम मिळालं. तिथे त्याच्या थांबण्याचं फार कौतुक होतं म्हणे. आंधळी मुलगी आता सरांच्याच हाताखाली संशोधन करते आणि त्यांच्याशी रोज भांडते. अपंगत्व अभ्यासाचा वर्ग अजून व्हरांड्यातच आहे. लिफ्ट दुरुस्त झाली, पण ती दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते.

आणि भोंगा सरांच्या वाक्याला आता हात लावत नाही. उभा राहतो, घामाघूम होतो, पण राहतो. सवय मात्र कुठेतरी निघायला हवीच. परवा मी त्याच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, आमच्या खोलीला एक नवीन..." आणि मला शिंक आली.

"कुलूप!" तो म्हणाला.

मला खिडकी हवी होती. कुलूप दुसऱ्या दिवशी आलं. चांगलं भक्कम आहे.